निवळेल गं

थोरली आणि धाकटी, सख्ख्या जावा, एका ऑफिसच्या इमारतीत साफसफाई करायच्या. थोरलीला जगाचा एकच नियम ठाऊक: मिसळलेलं वेगळं करता येतं. तांदळातले खडे निवडा. मिठाचं पाणी आटवा, मीठ परत हातात. गढूळ पाणी झाकून ठेवा, निवळतं. घरातली भांडणंसुद्धा तिनं अशीच झाकून निवळवली होती.

त्या दिवशी संडासाचे डाग काही केल्या निघेनात आणि साहेब सकाळीच ओरडून गेलेले. थोरलीनं बादलीत ब्लीच ओतलं, वर संडासाचं ॲसिड.

"दोन पैलवान एकदम सोडते. बघच आता!"

बादली फसफसली. नाकात सुई घुसावी तसा वास आला, डोळे चुरचुरले. थोरली टरकली, पण साहेबाला! दोन बाटल्या फुकट गेल्या म्हणून बोंबलणार. तिनं झाकण ठेवलं, खिडकी लावली, दार ओढून घेतलं.

"निवळेल गं. तोवर जिना पुसू."

धाकटी मात्र दुसऱ्याच्या भांड्याचं झाकण उचलल्याशिवाय न जगणारी. थोरली खाली पाणी बदलायला गेली नि ती घुसली आत.

वर येताना थोरलीला खोकला ऐकू आला. मग तोही थांबला.

"ए धाकटे! बोल की, मेले!"

आत धाकटी भिंतीला टेकून खाली बसलेली, झाकण हातात, ओठ निळे. दिराला काय तोंड दाखवू? एवढंच डोक्यात. तिनं श्वास कोंडला, धाकटीच्या काखेत हात घातले नि फरफटत गच्चीवर आणलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "हे नुसतं मिसळणं नव्हे, मावशी. दोन्ही मिळून तिसरंच तयार झालं, क्लोरीन. विषारी वायू. तो निवळत नसतो."

"कुठून आला मेला?"

"होताच की त्या बाटल्यांत, सैल बांधलेला. एकत्र ओतल्यावर सुटला. मिठातही असतो, पण सोडियम नावाच्या धातूला घट्ट बांधलेला. म्हणून मीठ चालतं."

धाकटी वाचली. घसा तेवढा गेला. पण थोरलीनं डॉक्टरांचं एकच वाक्य धरलं: मिठातही असतो. चार दिवस घरात अळणी भाजी. मिठाची बरणी फडताळात पार मागं सरकवलेली.

पाचव्या दिवशी धाकटीनं ताट सरकवलं आणि फुटक्या आवाजात म्हणाली, "जाऊबाई, वायूनं नाही मेले, तुमच्या भाजीनं मरेन."

थोरलीनं बरणी उघडली. चिमूटभर मीठ आधी स्वतःच्या जिभेवर ठेवलं, डोळे मिटले, मनात वीस आकडे मोजले. काही झालं नाही. तेव्हा कुठं तिनं धाकटीच्या ताटात मीठ वाढलं, आणि ती जेवून उठेपर्यंत समोरून हलली नाही.