जबाबातला 'डिग्री' हा शब्द

त्या केसचा एकही कागद आज माझ्याजवळ नाही, पण त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. ते मीच लिहिलं होतं, आणि ते चुकीचं होतं.

मी मूळची शिंदखेडा तालुक्यातली. पोलीस उपनिरीक्षक म्हणून बारा वर्षं नोकरी केली. बंदोबस्ताला जाताना गाडी उलटली, पायात रॉड बसला आणि छत्तिसाव्या वर्षी वैद्यकीय कारणावरून मला निवृत्त करण्यात आलं. आता मी कॉलेजांच्या फाटकाबाहेर उभी राहून पत्रकं वाटते. त्या पत्रकाची सुरुवात या केसमध्ये आहे. नावं कुणाचीच देत नाही. ज्यांची द्यावीशी वाटतात त्यांचा खटला अजून चालू आहे.

तेव्हा माझी नेमणूक जळगाव जिल्ह्यात, केळीच्या पट्ट्यातल्या एका ठाण्यात होती. आमच्या ठाण्याला एक हवालदार होते, सगळे त्यांना आबा म्हणत. पासपोर्टची आणि चारित्र्य पडताळणीची कामं त्यांच्याकडे. एका सकाळी हजेरी झाल्यावर ते गावातल्या झेरॉक्सवाल्याला घेऊनच माझ्या टेबलाशी आले.

झेरॉक्सवाल्याच्या हातात दोन पाठकोरे कागद होते. खराब निघालेल्या प्रती तो फेकत नाही, मुलांना चित्रं काढायला देतो. मुलीने एका कागदावर मोर काढला आणि बापाने सहज कागद उलटा करून पाहिला. बी.ए.ची पदवी. दुसरा कागदही तसाच. दोन्हींवर नावं वेगळी, बैठक क्रमांक मात्र एकच. धुळ्याच्या एका एजंटचा माणूस चार-पाच जणांच्या फायलींच्या प्रती काढून गेला होता, त्यातल्या या.

"मॅडम, यातली एक आपल्या शिंपी चाचाची पोरगी आहे," तो म्हणाला. "बारावीनंतर ती कॉलेजात गेलेलीच नाही. माझी पोरं तिच्याकडेच इंग्रजी शिकतात ना. मग बी.ए. झाली कधी?"

मुलगी आम्हाला माहीत होती. वडील शाळेचे गणवेश शिवायचे. दुकानामागच्या खोलीत ती इंग्रजी बोलायचे वर्ग घ्यायची. शाळेची पोरं यायचीच, शिवाय केळीच्या पॅकिंगला जाणाऱ्या बायकाही यायच्या. खोक्यावरचं इंग्रजी वाचता येणारीला लेबल लावायचं बसून करायचं काम मिळतं, म्हणून. आग्नेय आशियातल्या एका देशातल्या शाळेत तिला इंग्रजी शिकवायची नोकरी लागली होती आणि त्यासाठी लागणाऱ्या पोलीस दाखल्याची तिची फाइल आबांच्याच कपाटात होती. दाखला मिळाला तर ती जाणार. गुन्ह्यात नाव आलं तर दाखला नाही, नोकरी नाही, आणि गावात तिचा वर्गही बंद. एवढं सगळं त्या एका फायलीवर टांगलेलं होतं.

दुपारी तिला बोलावलं. वडील बरोबर आले, गळ्यात मोजपट्टी तशीच. आबांनी जबाब लिहायला घेतला. वय तेवीस, धंदा घरकाम, राहणार अमुक. ती उत्तरं न घाबरता देत होती. आबांनी विचारलं, डिग्री कुठून घेतली? तिने सांगितलं, ऑनलाइन घेतली, चार महिने लागले. कोणी सांगितलं घ्यायला? एजंटनेच, डिग्री लागेल म्हणाला होता. खरी आहे का? तिला प्रश्नच कळला नाही. खरीच आहे, म्हणाली.

आबांनी लिहिलं: 'सदरची पदवी मी एजंटच्या सांगण्यावरून ऑनलाइन मिळविली.' वाचून दाखवलं. तिने मान हलवली. मग खाली नेहमीची ओळ आली: 'जबाब वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.'

माझा संताप झाला. गुन्हेगारावर झाला नसता इतका तिच्यावर झाला. मी सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "पोरांना शिकवतेस आणि स्वतः खोटा कागद आणतेस? कोणत्या तोंडाने फळ्यापाशी उभी राहतेस?"

 वडिलांनी एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. दोघं गेल्यावर मी अहवालाचा मसुदा लिहिला. त्यातलं ते वाक्य: 'पदवीशिवाय परदेशात शिक्षकाची नोकरी मिळणे शक्य नसल्याने सदर महिलेने बनावट पदवी मिळविल्याचे दिसून येते.'

हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. कोणता नियम वाचला होता? एकही नाही. मी स्वतः बी.ए. होते आणि बी.ए. नसलेलीने विमानात बसून शिकवायला जावं हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं. त्याला मी 'दिसून येते' म्हटलं. पोलिसांच्या भाषेत या दोन शब्दांखाली वाटेल ते लपतं.

दुसऱ्या दिवशी मूळ पदवी जप्त करायची होती. आबांनी फोन करून चाचाला सांगितलं, डिग्री घेऊन या. अर्ध्या तासात चाचा सायकलवरून आले. काखेत काचेची चौकट, कापडात गुंडाळलेली. त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि काच बाहीने पुसली.

"ही डिग्री, मॅडम. मशीनच्या वर लावलेली होती. खिळा तसाच ठेवून आलोय."

चौकटीत बी.ए. नव्हतं. इंग्रजी शिकवण्याचा एकशेवीस तासांचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं ते प्रमाणपत्र होतं. चार महिने, ऑनलाइन. संस्थेला मेल केली. खरं निघालं.

आमच्याकडे कागद चौकटीत गेला की त्याला डिग्री म्हणतात. आयटीआयची डिग्री, कॉम्प्युटरची डिग्री, शिवणकामाचीसुद्धा डिग्रीच. माझ्या आईकडे पापड बनवण्याच्या प्रशिक्षणाची डिग्री आहे. मी त्याच भाषेत वाढले, आबाही वाढले. पण ठाण्याच्या खुर्चीत बसून आम्ही 'डिग्री' ऐकलं आणि 'पदवी' लिहिलं. एका शब्दाने साक्षीदार होऊ शकणारी मुलगी आरोपी होत होती.

मी तिला परत बोलावलं. झेरॉक्सवाल्याचा कागद तिच्यासमोर ठेवला. तिने स्वतःचं नाव वाचलं, खाली बी.ए. वाचलं, कागद उलटा केला, मोर पाहिला आणि पुन्हा सरळ केला.

"ही माझी नाही," ती म्हणाली. "मी बी.ए. कुठे केलंय?"

अभ्यासक्रम संपल्यावर एजंटने विचारलं होतं, डिग्री आहे का? ती म्हणाली होती, आहे. तो म्हणाला, मग बाकीची फाइल मी पूर्ण करतो. शाळेची पत्रं त्याच्याच पत्त्यावर यायची. तिला त्याने फक्त पहिल्या पानाचा फोटो दिला होता आणि बजावलं होतं, शाळेला परस्पर लिहिलंस तर नाव कापतील. गावाला इंग्रजी शिकवणाऱ्या मुलीला तिच्या नावाने आलेलं इंग्रजी पत्र वाचायला मिळालं नव्हतं.

मी ठरवलं, शाळेलाच विचारायचं. ठाण्याच्या कॉम्प्युटरवर मी मेल लिहायला बसले. सुरुवात आम्ही नेहमी करतो तशीच केली, 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट'. ती माझ्या खांद्यामागे उभी होती. जरा थांबून म्हणाली, "मॅडम, ते 'बेग' काढू या का? आपण भीक नाही मागत. माहिती विचारतोय."

आबा हसले. "बसा मॅडम आता बाकावर," मला म्हणाले. मी उठले आणि ती खुर्चीत बसली. पाच ओळी लिहिल्या. तुमच्या नियमाप्रमाणे काय लागतं, माझ्या नावाने तुमच्याकडे काय आलं आहे, कृपया दोन्ही पाठवा.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. बारावी पास. शिकवण्याचं प्रमाणपत्र. पोलीस दाखला. वैद्यकीय तपासणी. कामाचा परवाना शाळा काढून देईल. आणि एक ओळ, जी मी तीनदा वाचली: आमच्याकडे या पदासाठी विद्यापीठाची पदवी आवश्यक नाही. पुढे त्यांनीच विचारलं होतं, न मागितलेली एक पदवी आम्हाला मिळाली आहे, ती तुमची आहे का?

इथे ती थांबली. हो म्हटलं असतं तर शाळेपुरती गोष्ट तिथेच मिटली असती. नाही म्हटलं तर शाळा पदावरून काढू शकत होती. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. टाइप केलं, ती माझी नाही, मी बारावी पास आहे, पोलीस चौकशी चालू आहे. आणि पाठवून दिलं.

मी मसुदा फाडला.

आता एजंट. बनावट पदवीवर परराज्यातल्या 'विद्यापीठा'चा पडताळणीसाठी फोन नंबर छापलेला होता. मी परदेशी शाळेची कारकून होऊन इंग्रजीत फोन लावला. पलीकडे भारदस्त आवाज, वन मोमेंट प्लीज वगैरे. मग फोन बाजूला धरून तो कुणावर तरी खेकसला, "अरे, ती फाइल कोठे शे? बठ्ठा कागद आठेच व्हतात ना!"

परराज्यातलं विद्यापीठ माझ्या आईच्या भाषेत, अहिराणीत बोलत होतं. सायबर शाखेने ठिकाण काढलं, धुळे. वरिष्ठांची परवानगी, धुळे पोलिसांना पत्र, दोन पंच, आणि दोन दिवसांनी आम्ही एका व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर पोचलो. भारदस्त आवाजाचा माणूस टेबलामागे बसला होता. मी ओळखपत्र दाखवलं आणि विचारलं, "काय भाऊ, फाइल सापडनी का?"

त्याचा चेहरा पडला. फाइल सापडली. अशा बऱ्याच सापडल्या, त्यातली एक पिंपळनेरच्या मुलाची. त्याला विमानतळावरून परत पाठवलं होतं. टुरिस्ट व्हिसावर शिकवायला निघाला होता. ते बेकायदा आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. परदेशी नोकरीला माणसं पाठवायला केंद्र सरकारची नोंदणी लागते, ती या एजंटकडे नव्हती.

चौकशीत मी त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली. शाळा पदवी मागतच नव्हती, तर लावली कशाला? शेवटी तो म्हणाला, "मॅडम, शाळेचं पत्र मी तरी कुठे पूर्ण वाचतो? डिग्री नसलेल्या माणसाला मनातून लाज वाटत असते. त्या लाजेवर आमचं दुकान चालतं."

त्याने कायदा मोडला, शिक्षा त्याला व्हावी. पण ती लाज त्याने तयार केली नव्हती. ती आपण घरोघर, लग्नाच्या बोलणीत, नोकरीच्या अर्जात आणि ठाण्याच्या टेबलावर रोज तयार करतो. मीही केली, सगळ्यांसमोर, त्या मुलीला फळ्याचं विचारून. मी तिची माफी मागितली. तीही सगळ्यांसमोरच, कारण बोलले तशीच होते.

माझ्या पत्रकात म्हणून साधी गोष्ट असते. काही देशांत पदवीशिवाय इंग्रजी शिकवता येतं, काही देशांत कायद्यानेच येत नाही. कोणत्या देशात काय, ते त्या देशाच्या वकिलातीकडून आणि शाळेकडून स्वतः विचारा, दर वेळी नव्याने, कारण नियम बदलतात. एजंटची नोंदणी तपासा. टुरिस्ट व्हिसावर नोकरी करू नका. आणि तुमच्या नावाने आलेलं पत्र तुम्हीच शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मजकूर त्या मुलीने तपासून दिला आहे. 'नम्र विनंती' हे शब्द तिने दोन ठिकाणी कापले.

शाळेने तिला पदावरून काढलं नाही, पुढच्या सत्राला या म्हणून कळवलं. जायच्या आधी साक्षीदार म्हणून तिचा नवा जबाब घ्यायचा होता. आबांनी कागद घेतला. वय तेवीस. शिक्षण बारावी. मग धंद्याच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. आधीच्या जबाबात तिथे त्यांनी न विचारताच 'घरकाम' लिहिलं होतं. या वेळी त्यांनी मान वर केली.

"धंदा काय लिहू?"

"शिक्षिका," ती म्हणाली.

आबांनी लिहिलं, आणि जबाब वाचून दाखवताना तो शब्द जरा मोठ्याने वाचला.