मैनाबाईची दिल्ली

डोक्यावरची पाटी उतरवण्याआधी मैनाबाई एकच गोष्ट विचारायची, "मास्तर, दिल्लीची गाडी आता कुठीसा असन?"

सकाळचे आठ वाजलेले असत आणि मी ओसरीवर शाळेच्या वह्या तपासत बसलेला असे. दिल्लीची गाडी आमच्या अकोल्यावरून जातच नव्हती; ती भुसावळावरून परस्पर खंडव्याकडे वळे. तरी मी वेळापत्रक उघडून सांगायचो, "आता भोपाळ सोडलं असेल." मग "बरं" म्हणून ती पाटी खाली ठेवी. भोपाळ कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मलाही ते नकाशापुरतंच ठाऊक होतं. आतून आमचं कुटुंब ओरडे, "आधी सांबार द्या हो मैनाबाई, गाडी काही पळून जात नाही!" मैनाबाई कोथिंबिरीची जुडी पुढे करी आणि तिचे पैसे कधी घेत नसे.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मी मूळचा अमरावतीचा, अकोल्याच्या शाळेत भूगोल शिकवत होतो. छडीच्या टोकानं मी पोरांना हिमालयापासून सिंहलद्वीपापर्यंत फिरवून आणत असे, पण स्वतः कधी नागपूरच्या पुढे गेलो नव्हतो. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुटीत जायचं ठरे आणि दरवर्षी सुटी संपे. स्टेशनातल्या ओळखीच्या बाबूकडून जुनं वेळापत्रक आणायचं आणि दुपारी पडल्या पडल्या वाचायचं, एवढाच माझा प्रवास.

मैनाबाईची मोर्णेच्या काठी वाडी होती. वांगी, मेथी, मिरच्या, थोडी झेंडूची फुलं. वय पन्नाशीचं, अंगानं वाळकी, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदलेलं. ती कुठेही बसत नसे. ओसरीवर ये म्हटलं तरी खांबाला हात लावून उभी राही. "बसली का थकली, मास्तर," असं ती म्हणायची. "उभं मानूस थकत नाई. बसलं का त्याले समजते, आपन किती थकलो थे." मला ते पटत नसे, कारण मी बसून बसूनच थकलेला होतो.

तिला किसना नावाचा एकुलता मुलगा होता. अकोल्याच्या एका साहेबाच्या बंगल्यावर तो माळी होता. साहेबाची बदली दिल्लीला झाली तेव्हा तो किसनाला घेऊन गेला. तिकडे किसनानं तिकडचीच बायको केली, वेगळ्या जातीची. ते कळल्यावर मैनाबाईचा नवरा भर अंगणात म्हणाला, "तो मले मेला," आणि मरेपर्यंत त्यानं पोराचं नाव घेतलं नाही. किसनाची पत्रं माझ्या पत्त्यावर येत. मैनाबाई ती उभ्यानं ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला लावायची. नवरा जाऊन दोन वर्षं झाल्यावर एक पत्र आलं, "आई, मुलगी झाली, आता वर्षाची आहे. तुझ्यासारखीच सावळी आहे. मी तिकडे आलो तर लोक हिला दारात उभं करणार नाहीत. तूच एकदा येऊन बघून जा."

त्या दिवशी तिनं गाडी विचारली नाही. "मास्तर, मले दिल्लीले धाडता का?" असं तिनं विचारलं.

मी आनंदानं कागद घेतला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वेळापत्रकाला गिऱ्हाईक मिळालं होतं. अकोला, भुसावळ, इटारसी, दिल्ली. भुसावळला एकदा गाडी बदलायची, झालं. पण मैनाबाई गल्लीत काय सांगणार होती? टाकलेल्या पोराच्या दारी माय आपण होऊन चालली, असं म्हणाली असती तर तिच्या भावकीनं तिला पाणी बंद केलं असतं. तिनं विचार करून सगळ्यांना सांगितलं, "मी काशीले चालली."

मला ती युक्ती फार हुशारीची वाटली. चौथ्या दिवशी तिची किंमत कळली. त्या काळी कोणी काशी-प्रयागला निघालं की आळीतल्या लोकांनी आपापल्या घरच्या अस्थी त्याच्या हवाली करायच्या आणि त्यानं नाही म्हणायचं नाही, अशी रीतच होती. सोनाराची आई, शिंप्याचा भाऊ, वाण्याची सून, आणखी दोघं, एकेक फडक्यातली पुरचुंडी येऊ लागली. अस्थी घरात नेत नाहीत म्हणून मैनाबाईनं त्या वाडीतल्या शेवग्याला टांगल्या. तिच्या नवऱ्याची पुरचुंडी तिथे आधीपासून होतीच. एकूण सहा झाल्या.

सातवी मी आणली, हे लिहिताना अजून खाली बघावंसं वाटतं. माझी आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तिच्या अस्थी अमरावतीला भावाच्या अंगणात निंबाच्या ढोलीत होत्या. येत्या सुटीत मी नेतो, असं मी भावाला तीनदा सांगितलं होतं. रविवारी बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला गेलो आणि पुरचुंडी घेऊन आलो. मैनाबाईपुढे धरली. ती म्हणाली, "आना. जथी सहा तथी सात. तुमच्या मायले खायाले काय आवडे?"

"अंबाडीची भाजी."

तिनं कनवटीची चिंधी सोडली, अंबाडीचं बी काढलं आणि पुरचुंडीच्या गाठीत बांधलं. तिला वाचता येत नव्हतं आणि पंड्यानं विचारलं की कोणाच्या अस्थी कोणत्या ते सांगायला हवं, म्हणून तिनं प्रत्येकीला ज्याच्या-त्याच्या आवडीचं बी बांधलं होतं. सोनाराच्या आईला कारल्याचं, वाण्याच्या सुनेला मेथीचं. "आणि हिला?" मी नवऱ्याच्या पुरचुंडीकडे बोट केलं. "मिरचीचं," ती म्हणाली. "तिखटच मानूस होता बाप्पा थो."

आता कागदाचा पार गुंता झाला. अस्थी जवळ असताना कोणाच्या घरात पाऊल ठेवायचं नाही, म्हणजे आधी प्रयाग, मग दिल्ली. पण गंगेची आंघोळ करून यात्रा घडली की मधे कुठे न थांबता थेट आपल्या घरी यायचं, म्हणजे आधी दिल्ली, मग प्रयाग. मी पाच कागद फाडले. जबलपूर, प्रयाग, दिल्ली, काशी अशी गावं इकडची तिकडे करून पाहिली. गाड्या जुळत होत्या पण रीत जुळत नव्हती. मी चिडून म्हणालो, "मैनाबाई, कोण बघायला येतंय तुम्ही कुठून कुठे गेलात ते?"

"मी आहो ना पाहाले," ती म्हणाली. खांबाला धरूनच पुढे म्हणाली, "मास्तर, असं केलं तं? परयागले मी आंघोयच नाई करत. पान्यात पायच नाई टाकत. लोकायचं काम करून देतो नावेतून, आनं सुकीच्या सुकी दिल्लीले जातो. थे मायी यात्राच नाई, नुसता निरोप पोचवनं झालं. मंग वापस येताना काशीले डुबकी मारीन, आनं सीधी घरी."

बी.ए.ला भूगोल घेतलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं. मी सहावा कागद लिहिला: अकोला, भुसावळ, इटारसी, जबलपूर, प्रयाग, दिल्ली, काशी, घर. सोळा दिवस. प्रयागपर्यंत बाळापूरच्या यात्रेकरू बायकांची सोबत मिळाली. पुढे ती एकटी जाणार होती आणि किसना दिल्लीच्या स्टेशनावर येणार होता. गाडी हलली तेव्हा ती खिडकीपाशी सात पुरचुंड्या पोटाशी धरून उभीच होती.

सोळा दिवस झाले, वीस झाले. मी रोज भुसावळच्या गाडीला स्टेशनावर जाऊ लागलो. चोविसाव्या दिवशी ती उतरली. डोळे खोल गेलेले, चेहरा उन्हानं रापलेला. फलाटावर बाकडं होतं. मी काही म्हणायच्या आत ती त्यावर बसली. तिला बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"काशी राहिली, मास्तर."

मग तिनं हळूहळू सांगितलं. प्रयागला तिनं सातही जणांना नावेतून पाण्यात सोडलं आणि आळीसाठी गंगाजळाचे गडू भरून घेतले. पंडा ओरडला, "अम्मा, इतनी दूर आई, नहाओगी नहीं?" ती नाही म्हणाली. हात भिजले होते ते लुगड्याला पुसले. दिल्लीला आठ दिवस राहायचं ठरलं होतं. सातव्या दिवशी नातीला गोवर निघाला. सुनेला दिवस गेलेले, तिला पोरीजवळ जाऊ देणं बरं नव्हतं. पोर आजीच्या मांडीवरून खाली उतरेना. "मंग मी बसली, मास्तर. नऊ दिस मांडी घालून बसली, पोरगी घेऊन. थकल्यासारखं वाटलंच नाई." पोरीला उतार पडल्यावर तिनं हिशेब केला. काशीला गेलं तर अजून आठवडा लागणार, आणि इकडे वाडी सुकत होती, लोक वाट बघत होते. तिनं सरळ घरची गाडी धरली.

"आता गल्लीत काय सांगणार?" मी विचारलं.

"काई नाई सांगाचं. तुमी बी सांगू नका. लोकायचं काम तं झालं ना."

आळीत तिचं स्वागत झालं. हळदीकुंकू लावून बायका तिच्या पाया पडायला वाकल्या तेव्हा ती मागे सरकली. "पाय नोका शिऊ व माय," एवढंच म्हणत राहिली. बायकांना तो विनय वाटला आणि त्या जास्तच वाकल्या. यात्रेनंतरच्या मावंद्याच्या जेवणाला तिनं सगळी आळी बोलावली, वांग्याची भाजी केली, गडू वाटले. आमच्या वाट्याला आलेला गडू मी देवापाशी ठेवला. तिच्या घरी एकही गडू उरला नव्हता.

त्यानंतर ती रोज ओसरीवर टेकायची. गाडी कुठे आहे हे आता ती मला सांगे. "भोपाळ गेलं असन, नाई?" मी वेळापत्रक बघायचो, भोपाळ गेलेलं असायचं. दर सुटीत मी तिला म्हणायचो, "यंदा काशीला जाऊ, मीही येतो." ती "हाव" म्हणायची. मग माझी कुठलीशी परीक्षा, तिच्या पिकावरचा मर रोग, घरातलं आजारपण, असं करत पाच वर्षं गेली. तिनं मला एकदाही आठवण करून दिली नाही. तिनं करून द्यायला हवी होती, असं मी मनात तिच्यावरच ढकलत राहिलो.

थंडीत तीन दिवसांच्या तापानं ती गेली. पुतण्यानं अग्नी दिला. मी किसनाला लिहिलं, त्याचं उत्तर आलं, "मास्तर, मी प्रयागला येतो. तुम्ही आईला तेवढं तिथपर्यंत आणा." मी सुटीची वाट पाहिली नाही. शाळेत रजेचा अर्ज टाकला. पेटीतून सहावा कागद काढला, त्यावरचे आकडे अजून वाचता येत होते.

निघण्याच्या आदल्या दिवशी पुरचुंडी बांधताना हात थांबला. मैनाबाईला काय आवडे? आम्ही पंधरा वर्षं तिच्याकडची भाजी खाल्ली होती आणि तिला काय आवडतं हे घरात कोणाला माहीत नव्हतं. कुटुंबानं आत जाऊन मूठभर धणे आणले. "फुकट तेच द्यायची ना ती," असं म्हणून तिनं डोळे पुसले. मी धणे गाठीत बांधले.

प्रयागच्या स्टेशनावर किसना उभा होता, माझ्याच वयाचा वाटावा इतका वाकलेला. सोबत सहा-सात वर्षांची सावळी मुलगी. ती मराठी बोलत नव्हती. नावेत बसल्यावर किसना म्हणाला, "एका गोष्टीचं समाधान आहे, मास्तर. आईची यात्रा तरी झाली. मी विचारलं होतं तिला, परयागची आंघोळ केली का म्हणून. म्हणाली, हाव, पोटभर केली."

पंड्यानं नाव विचारलं, गोत्र विचारलं. किसनानं ते सांगितलं; आंघोळीचं मात्र मी, तिनं बजावलं होतं म्हणून, त्याला सांगितलं नाही. किसनानं पुरचुंडीची गाठ सोडली. मुलीनं वाकून बापाच्या हाताखाली आपलाही हात धरला. धणे आधी पाण्यावर पसरले, मग बाकीचं खाली गेलं.

मैनाबाईची गंगेतली ती पहिली आंघोळ होती. तिथे ते मला एकट्यालाच माहीत होतं.