आक्कांचा सल्ला, माझं नाव

मंडळी, लाज वाटतीय, पण सांगतो.

आमचा कागलचा भुईमूग वीस दिवसांचा असताना भांगलणीला येणाऱ्या शांताक्का म्हणाल्या, "दादा, तण बारीक हाय तवरच काढूया." मी म्हटलं, "सगळं उगवू दे, एकदाच काढू."

आज महिनाभरानं त्या भांगलायला बायका घेऊन आल्या, पण बांधावरच थांबल्या. "आता फुलांच्या आऱ्या मातीत गेल्यात, त्यास्नीच शेंगा धरत्यात. खुरपं लावलं की तुटणार."

"शेत माझं हाय की!" मी सगळ्या बायकांसमोर खेकसलो आणि स्वतःच खुरपं घेतलं. थोडं पुढं गेलो तर तणाबरोबर कोवळ्या शेंगांसकट आऱ्या हातात आल्या. आक्का आपलं खुरपं उचलून घराकडं चालू लागल्या.

गेल्या महिन्यात 'भुईमूग वेळेत भांगला' ही माझी पोस्ट तुम्ही उचलून धरली. ती सगळी आक्कांचीच वाक्यं होती.

आता त्यांच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?