तक्त्यातली शेवटची ओळ

सिंगापुरातल्या सेंगकांगच्या त्या ब्लॉकमध्ये जगदीश तायडेला ओळखणारी माणसं पुष्कळ होती. अडचण एवढीच, की त्यातलं कुणी मायक्रोवेव्ह फिल्टरवर लिहीत नव्हतं.

मोबाईलच्या टॉवरमध्ये हव्या त्या लहरींना वाट देणारा आणि नकोशांना अडवणारा एक धातूचा तुकडा असतो, तो फिल्टर. जगदीशची उमेदीची वर्षं तो तुकडा लहान करण्यात गेली. तुकडा लहान झाला. बातमी फारशी कुठे पोचली नाही.

२०१४ साली त्याचा विद्यापीठातला रिसर्च फेलोचा करार संपत आला, आणि करार वाढवणाऱ्या समितीने यंदा एक सुटसुटीत अट घातली: एच-इंडेक्स पंधरा. म्हणजे तुमचे पंधरा पेपर असे हवेत, की प्रत्येकाचा उल्लेख इतरांनी निदान पंधरा वेळा केलाय. जगदीशचे चौदा पेपर या परीक्षेत पास होते. पंधराव्याचे उल्लेख भरत होते चौदा. स्वतःच स्वतःचा केलेला उल्लेख समिती धरत नव्हती. तो धरला असता, तर प्रश्नच नव्हता. करार गेला की एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, जाणार, आणि पासामागून फ्लॅट आणि मुलीची, प्रियदर्शिनीची, शाळा.

त्याच्या बायकोने, हिराने, हे सगळं मेथी निवडता निवडता ऐकून घेतलं. दोनदा समजावून घेतलं, कारण पहिल्यांदा तिला वाटलं आपलंच काही चुकतंय.

“एवढ्या मोठ्या जगात तुमचं नाव घेणारा एक माणूस मिळेना?” ती म्हणाली.

जगदीशला आजवर कुठल्याच संपादकाने इतक्या थोडक्यात नापास केलं नव्हतं.

शेजारच्या लॅबमधल्या नरेशकडे यावर उपाय होता. कँटीनमध्ये कोपीचा, म्हणजे तिथल्या कॉफीचा, कप ढवळत त्याने तो सांगितला. तपासायला आलेल्या पेपरवर अभिप्राय लिहिताना शेवटी एक ओळ टाकायची: लेखकांनी पुढील संदर्भ पाहावेत. आणि पुढे आपलेच दोन-तीन द्यायचे. तपासणाऱ्याचं नाव लेखकाला कळत नाही, आणि कळलं तरी तो वाद घालत नाही. वरातीत नवरदेव बँडवाल्याशी भांडत नाही, तसं. नरेशचा स्वतःचा इंडेक्स या पद्धतीने कुंडीतल्या कढीपत्त्यासारखा वाढला होता.

जगदीशने मान हलवली. नकार द्यायलाही त्राण लागतं.

पुढच्याच आठवड्यात एका नियतकालिकाकडून त्याच्याकडे पेपर तपासायला आला. भारतातल्या कुठल्याशा कॉलेजातल्या एका तरुण प्राध्यापकाचा होता. सुचवण्याची पाळीच आली नाही. पेपरात आपल्या आणि इतरांच्या फिल्टरची तुलना करणारा तक्ता होता, आणि त्यातल्या शेवटच्या ओळीत जगदीशचा तो पंधरावा पेपर होता. सगळ्यात वाईट म्हणून. जगदीशला त्याचं काही वाटलं नाही. समिती उल्लेख मोजते, नुसत्या स्वीकारलेल्या पेपरातलाही; कशासाठी केला ते विचारत नाही. फक्त ‘स्वीकारावा’ म्हणायचं होतं.

मग त्याने आलेख पाहिला. पाहायला नको होता, पण सवय.

आलेखाच्या एका टोकाला रेघ किंचित शून्याच्या वर गेली होती. म्हणजे त्या फिल्टरमध्ये जितकी ऊर्जा शिरत होती, त्याहून थोडी जास्त बाहेर पडत होती. असं फक्त भोंदूबाबांकडे होतं. काय झालं असेल ते त्याला बसल्या जागी कळलं: जोडणीच्या वायरीत होणारा तोटा यंत्राने आधीच वजा केला होता, आणि प्राध्यापकाने तो हिशेबात पुन्हा वजा केला. लबाडी नव्हती. नव्या माणसाची घाई होती. एकदा जगदीशचीही झाली होती.

त्याने तीन पानी अभिप्राय लिहिला. चूक कुठे, मोजायचं कसं, सगळं. नरेशला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “तू शिकवणी लाव. निदान फी मिळेल.”

महिनाभरात दुरुस्त पेपर परत आला. काम चोख झालं होतं. खऱ्या आकड्यांनी मात्र तो फिल्टर जगदीशच्या फिल्टरहून थोडा कमी भरत होता. म्हणून लेखकाने तक्त्यातली शेवटची ओळ काढून टाकली होती. आपल्याला हरवणारा पाहुणा पंगतीत कोण बसवतो?

“आता तरी माग,” नरेश म्हणाला. “आता तर तुझा हक्क आहे. दुसऱ्या कुणाची ओळ असती तर मागितली असतीस ना?”

“असती.”

“मग?”

जगदीशने ती ओळ टाईप केली: तक्त्यात अमुक पेपर पुन्हा घ्यावा. वाक्य रास्त होतं. अडचण तीच होती. आपला इंडेक्स सोळा असता तर आपण हे लिहिलं असतं का, असं त्याने स्वतःला विचारलं. तो इतका थकला होता की उत्तर लगेच खरं आलं. त्याने ओळ खोडली आणि ‘स्वीकारावा’वर खूण केली.

समितीचं उत्तर सभ्य होतं. योगदानाची स्तुती करून त्यांनी शुभेच्छा दिल्या होत्या.

पेपर ऑनलाईन आला त्या रविवारी हॉलमध्ये खोकी पडली होती. प्रियदर्शिनी एका खोक्यात बसून, “I not going lah,” असं कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणत होती. हिराने लॅपटॉप पुढे ओढला आणि शेवटचं पान बोट ठेवून वाचलं. लेखकाने एका अनामिक परीक्षकाचे आभार मानले होते. त्यांच्यामुळे मोजायला शिकलो, असं लिहिलं होतं.

“हा अनामिक म्हणजे तुम्हीच ना?”

“हो.”

“मग मिळाला की एक माणूस.”

आभार इंडेक्समध्ये धरत नाहीत, हे जगदीशच्या ओठांवर आलं होतं. पण हिरा उठली होती आणि राईस कुकर न्यायचा की इथेच कुणाला द्यायचा, ते विचारत होती.

“नेऊ,” तो म्हणाला. “चांगला चालतो.”