खाटेची गाडी

माझ्या पोरानं माळावर, दगडधोंड्यांतून पळवायला भंगारातून गाडी बनवलीय. इंजिन जुन्या रिक्षाचं, अन् सांगाडा त्याच्या आईची लोखंडी खाट कापून केलाय. गेलेल्या माणसाची खाट घरात ठेवत नाहीत, म्हणून मीच ती परसात काढली होती. ह्याला वाटलं, टाकून दिली.

"आण्णा, पाइप लई दणकट आहे," म्हणतो. शिसारी आली मला. आईनं जीव सोडला त्याच पाइपांवर हा दात काढत बसतो. माणूस गेलं की त्याच्या वस्तूंचं भंगार व्हायला वेळच लागत नाही.

काल गाडी खड्ड्यात आदळली, तशी खाट करकरली. ती कूस बदलायची तेव्हा अश्शीच करकरायची. मी ओरडलो, "हळू चालव की रे, मेल्या! तिला लागंल."