पोस्टरवरचा तुटका दात

आमच्या दंत महाविद्यालयाच्या संशोधन दिनाला पोस्टर लावायचं काम शिपाईमामांचं. पोस्टर लावून झालं की ते हात मागे बांधून प्रत्येक ओळ वाचतात. एवढं परीक्षकही वाचत नाहीत.

यंदा आमच्याच कर्मचाऱ्यांचे दात-हिरड्या तपासून केलेल्या माझ्या पोस्टरला पहिलं बक्षीस मिळालं. मी मिरवत होते, तेवढ्यात मामा म्हणाले, "अभिनंदन मॅडम. या फोटोतला तुटका दात माझाच. खाली 'तातडीने उपचार हवेत' असं लिहिलंय. मला कधी कळवणार होतात?"

मला, एवढ्या मोठ्या विदुषीला, "उद्या अकराला या" एवढंच सुचलं.

दुसऱ्या दिवशी मामा चप्पल बाहेर काढून आले आणि रुग्णाच्या खुर्चीपाशी उभे राहिले. तीन वर्षं रोज त्यांच्या हातचा चहा पिणारी मी त्यांना पहिल्यांदाच म्हणाले, "बसा."