पहिले माह्यावर लाव

गावंडे मॅडमबरोबर रस्त्याने चालायचं म्हणजे मध्येच थांबायची तयारी ठेवून निघावं लागे. एखाद्या दुकानाची नवी पाटी, कुणाच्या फाटकावरचा मधुमालतीचा वेल, ट्यूशनला निघालेलं झोपाळू पोरगं, काहीही पुरे. त्या थांबत, बोट दाखवत आणि गोष्ट सांगत. "हे घर पाह्य, मीनल. रंग देऊन देऊन पेंटर यांचा जावई झाला." गोष्ट संपली की पुन्हा ताडताड चालायला लागत. उंच अंग, रुंद खांदे, गळ्यात शिट्टी आणि पायात पुरुषी बूट.

मी मूळची अकोल्याची. फिजिओथेरपीचं शिक्षण संपवून राजापेठेत छोटा दवाखाना थाटला आणि भाड्याची खोली मिळाली ती मॅडमच्या गल्लीत. त्या मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका. सकाळी मी दवाखान्यात निघायची, त्या मैदानावर. वाट एकच. अमरावतीत मी नवीन होते, आणि हे गाव मला त्यांच्या या थांबण्यांमधूनच कळत गेलं.

कबड्डीच्या मुलींना त्या जे जे करायला लावत ते आधी स्वतः करत. वसतिगृहाची भाजी आधी त्यांच्या तोंडात जाई. नवे बूट आले की एक जोड आधी त्या घालून मैदान फिरून येत. सरावानंतर बर्फाच्या पाण्यात बसल्याने पायांचा शीण जातो असं त्यांना कुणीतरी सांगितलं, तेव्हा मुली ड्रमभोवती घोळका करून उभ्या राहिल्या आणि एकीची पुढे व्हायची हिंमत होईना. मॅडम ट्रॅकसूटसकट आत उतरल्या. दात वाजत होते, तशाच म्हणाल्या, "होते सहन. या आता." मग मुलींमध्ये आधी कोण यावरून भांडण लागलं.

एका दुपारी त्या वैष्णवीला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. वैष्णवी तिवशाची, त्यांच्या संघातली सर्वांत चपळ चढाईपटू. आदल्या हंगामात तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता. शस्त्रक्रिया चांगली झाली होती, पण त्या पायाची मांडी वाळून गेली होती. जड वजन उचलल्याशिवाय स्नायू भरेना आणि जड वजनाला सर्जनची मनाई. मुलगी कंटाळली होती. सामान बांधून गावी परत जायची भाषा करत होती.

मॅडमनी तिला ट्रॅकपँट वर करायला सांगितली. मांडीला सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधलेली.

"मोबाईलवर पाह्यलं मी," मॅडम म्हणाल्या. "मोठेमोठे खेळाडू पट्टा बांधून हलकं वजन उचलतात अन् मांडी भरते म्हणते. मले फक्त एवढं सांग वं, हे किती घट्ट बांधा लागते?"

मी आधी ट्यूब सोडली. कातडीवर लाल वळ उठले होते. पण मॅडमचा प्रश्न अगदी योग्य होता, हे मला मान्य करावं लागलं. पट्टा बांधणारे खूप भेटतात, किती घट्ट हे विचारणारे कमी.

मी त्यांना सांगितलं, की या व्यायामात पायाकडून परत वर येणारं रक्त थोडं अडवायचं असतं. त्यामुळे हलक्या वजनातही स्नायूला जड काम केल्यासारखं वाटतं. पण पायाकडे जाणारं रक्त मात्र पूर्ण तोडायचं नाही. ते कुठल्या दाबाला तुटतं हे प्रत्येकाचं वेगळं असतं. जाड मांडीला जास्त दाब लागतो, बारीक मांडीला कमी. पट्टा अरुंद असेल तर आकडा आणखी बदलतो. म्हणून आधी तो आकडा शोधायचा आणि व्यायामाला त्याच्या निम्म्याच्या आसपास दाब ठेवायचा.

"अंदाजानं चालत नाई म्हणजे."

"नाही."

"बरोबर हाये. अंदाजानं वरण होते. पोट्टीचा पाय नाई होत."

मी रुंद पट्टा, हवा भरायचा पंप आणि रक्ताचा आवाज ऐकवणारं छोटं डॉपलर यंत्र काढलं. वैष्णवी टेबलावर चढायला लागली तशी मॅडमनी तिला दंडाला धरून खाली उतरवलं.

"पहिले माह्यावर लाव."

त्या आडव्या झाल्या. मी नेहमीचे प्रश्न विचारले. साखर? "हाये. गोळ्या घेतो." पायात कधी रक्ताची गाठ? "नाई." पाय दुखतात? "नाई वं, खेळणाऱ्या बाईचे पाय हायेत हे." मी हाताचा रक्तदाब घेतला, मग उजव्या घोट्यामागे जेल लावून यंत्राची कांडी टेकवली. सूप, सूप, सूप. खोलीभर आवाज घुमला. वैष्णवी कितीतरी दिवसांनी हसली. "मॅडम, तुमच्या पायात कोणीतरी धान्य पाखडून राहिलं."

डाव्या पायाला मात्र ते सूप सापडेना. कांडी सरकवली, जेल पुन्हा लावलं. शेवटी आवाज लागला, पण बारीक, संथ, लांबून आल्यासारखा. मांडीच्या पट्ट्यात थोडी हवा भरली आणि तो नाहीसाच झाला. हाताच्या रक्तदाबाच्या कितीतरी आधी. इतक्या कमी दाबाला तो बंद व्हायला नको होता.

"मशीन बिघडली का?" मॅडमनी विचारलं.

मी हवा सोडली आणि यंत्र वैष्णवीच्या दोन्ही पायांना लावून पाहिलं. दोन्हीकडे खणखणीत. तेव्हा मी वैष्णवीला पाणी प्यायला बाहेर पाठवलं.

"मॅडम, चालताना डावी पोटरी आवळते का?"

त्या छताच्या पंख्याकडे बघत राहिल्या.

"थोडी. थांबलं की जाते."

माझ्या डोळ्यांसमोर दुकानांच्या पाट्या आल्या, मधुमालतीचा वेल आला, पेंटर जावई आला. प्रत्येक गोष्ट पोटरीची कळ शमेपर्यंत लांबवलेली होती. मी त्यांच्याबरोबर रोज चालत होते आणि त्यांनी मला हसवत हसवत पत्ता लागू दिला नव्हता.

पायाच्या धमनीत अडथळा असावा, ताबडतोब डॉक्टरांना दाखवायला हवं आणि तोपर्यंत तुम्हाला पट्टा लावता येणार नाही, असं मी सांगितलं. त्या उठून बसल्या, बुटाची नाडी बांधू लागल्या.

"स्पर्धा झाल्यावर पाहू. तू पोट्टीचं सुरू कर."

"नाही जमणार," मी म्हणाले. "नियम तुमचाच आहे. पहिले तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्या इतक्या हसल्या की वैष्णवी ग्लास हातात घेऊन दारात आली. "हिनं मले माह्याच डावात धरलं वं," मॅडम तिला म्हणाल्या, आणि काय झालं ते तिला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्याच आठवड्यात त्या नागपूरला रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. मांडीतली धमनी बरीच आखडली होती. बारीक फुगा घालून ती मोकळी केली. पायाला साधी जखम झाली असती तरी साखरेमुळे ती चिघळून पाय जायची वेळ आली असती, असं डॉक्टर म्हणाले.

इकडे मी सर्जनना विचारून वैष्णवीचा व्यायाम सुरू केला. वजन बोटावर तोलता येईल इतकं हलकं, पण मांडी अशी पेटे की ती मला, पट्ट्याला आणि पट्टा शोधणाऱ्याला शिव्या घाली. नागपूरहून परतल्यावर मॅडम तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसू लागल्या. दर वेळी आधी दाब मोजायला लावत. एकदा मी म्हटलं, गेल्या आठवड्याचाच आकडा आहे, चालेल. "मांडी गेल्या आठवड्याची हाये का?" त्या म्हणाल्या. "आजची मांडी आजच मोज." आणि खरोखर आकडा सरकला होता. मांडी भरत चालली होती.

एका संध्याकाळी वैष्णवी गेल्यावर मॅडम स्वतःच टेबलावर आडव्या झाल्या. "माह्या पायाचं काय म्हणते, ऐकव." मी डाव्या घोट्यामागे कांडी ठेवली. सूप, सूप, सूप. मी यंत्र उचलायला गेले तर त्यांनी हात धरला.

"राहू दे जरा."

आम्ही दोघी ऐकत बसलो. बाहेर गाड्यांचा गोंगाट चालला होता. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "मले वाटे, कोचनं दुखते म्हनलं की पोट्ट्या लंगडतीन. म्हणून सांगितलं नाई कोणाले. अन् ह्या वैष्णवीचा गुडघा, तो तुटायच्या आधी दोन हप्ते दुखून राहिला होता. तिनंबी मले सांगितलं नाई. कोणाकडून शिकली असंन?"

त्यांनी टॉवेलने घोट्याचं जेल पुसलं आणि बूट घातले.

वैष्णवी त्या हंगामात उशिरा उतरली आणि शेवटच्या सामन्यात तिच्या चढाईवर शाळा जिंकली. तिवशाहून तिचे आई-वडील पेढे घेऊन दवाखान्यात आले होते. मॅडम मात्र त्याआधीच बदलल्या होत्या. त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू व्हायच्या आधी त्या मुलींना गोल बसवत आणि विचारत, "कोणाले काय दुखून राहिलं? मी पहिले सांगतो. आज मले डावी टाच." मग एकेक हात वर होई.

मागच्या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या आणि अकोल्याला लेकीकडे राहायला गेल्या. मी घरी गेले की आम्ही भेटतो. तिथल्या बागेत त्यांनी शेजारच्या बायकांचा एक गट जमवला आहे आणि त्यातल्या अर्ध्याजणी त्यांना घाबरतात.

शाळेच्या मुली अजूनही माझ्याकडे येतात, आणि पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त येतात. कुणाची पोटरी आखडलेली असते, कुणाचा अंगठा मुरगळलेला, कुणाचा खांदा नुसता कुरकुरत असतो. बाकावर बसून आपसात खिदळत त्या आपली पाळी येईपर्यंत थांबतात. मी एकेकीला आत बोलावते, तपासते आणि लगेच मैदानावर परत पाठवते. दुखणी सगळी लहान असतात.